अभ्यासिकेतला मेलेला लॅपटॉप

१

मुलांनो, एक खोली डोळ्यांसमोर आणा. भाईंदर पश्चिमेला नीलतरंग नावाची सोसायटी आहे, तिच्या तळमजल्यावर लिफ्टच्या बाजूला ही खोली. सकाळी तिथे भजनी मंडळ बसतं, दुपारनंतर मुलांची अभ्यासिका भरते, आणि अधूनमधून कमिटीची मोठी माणसं तिथे जमून पार्किंगवरून भांडतात. खोलीत एसी आहे. तो फक्त भांडणाच्या वेळी लावतात.

मधल्या टेबलावर एक लॅपटॉप उघडा आहे. समोरच्या खुर्चीत सेक्रेटरी रामनाथ नाचणेकर बसलेत आणि भोवती मोठ्या माणसांचा घोळका आहे. तुम्हीही त्यात शिरा. घाबरू नका. मोठी माणसं आपलं शहाणपण दाखवत असली की त्यांना लहान मुलं दिसत नाहीत. रहस्य सोडवायला याहून चांगली जागा सापडायची नाही.

आता नीट बघा. नाचणेकरांनी डावा पंजा कीबोर्डखालच्या मोकळ्या पट्टीवर दाबून ठेवलाय. लॅपटॉप उठून पळेल अशी त्यांना भीती असावी. उजव्या हाताच्या एका बोटाने त्यांनी बटण दाबलं. बटणाचा दिवा लागला. आतला पंखा घुरघुरला. पडदा क्षणभर उजळला आणि लगेच काळा झाला. मग तो दिवा सावकाश मिचकायला लागला. लागला, विझला. लागला, विझला.

नाचणेकरांनी पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तेच.

"मेला," ते म्हणाले. जन्मभर विम्याच्या ऑफिसात काढल्यामुळे कोण मेलं हे ठरवायचा अधिकार आपल्यालाच आहे असं त्यांना वाटे.

"साहेब, चार्जिंग संपलं असेल," कोणीतरी म्हणालं.

"मला चार्जिंग शिकवू नका. गिरगावात असल्यापासून कॉम्प्युटर वापरतोय मी." त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि दाराकडे पाहिलं. "हा मेलेला नाही, मारलाय. आणि मारणारी ती बघा, तिथे उभी आहे."

दारात खांद्याला दप्तर लावून एक मुलगी उभी होती.

२

तिचं नाव गिरिजा. सातवीत शिकते. तिची आई सुगंधा जवळच्याच मोरवा गावची, रोज नीलतरंगच्या गेटबाहेर मासळीची पाटी घेऊन बसते. शाळा सुटली की गिरिजा इथे येते आणि आईची पाटी रिकामी होईपर्यंत अभ्यासिकेत बसते. ती सोसायटीतली नाही. पण अभ्यासिका चालवणाऱ्या जागृतीताईंनी पहिल्याच दिवशी तिला विचारलं होतं, "गणित आवडतं का गं?" आणि गिरिजा म्हणाली होती, "आवडत नाही. पण त्याला सोडणार पण नाही." तेवढ्यावर तिला प्रवेश मिळाला.

या खोलीत बसायला मिळणं ही गिरिजाच्या आयुष्यातली सगळ्यात चांगली गोष्ट होती. तीच आता जाणार होती.

"शनिवारी या मशीनवर शेवटी कोण बसलं होतं?" नाचणेकरांनी विचारलं.

"गिरिजाच," जागृतीताई म्हणाल्या. "तिवरांवरचा प्रकल्प टाइप करत होती. पण व्यवस्थित बंद करून गेली. मी होते ना इथे."

"हात धुतले होते?"

"हो."

"तुम्ही पाहिलंत?"

"हात धुताना कशाला बघू मी? सातवीतली मुलगी आहे ती."

"बघायला नकोच. वास येतो. मासळीच्या पाटीत हात घालायचा आणि तोच ओला हात मशीनवर. खारं पाणी आत गेलं, सर्किट खलास." बोलताना त्यांनी नाकाला रुमाल लावला. हेच नाचणेकर आठवड्यातून तीनदा सुगंधाकडून सुरमई नेत, आणि तुकडा मधलाच हवा म्हणून गेटवर पंधरा मिनिटं घासाघीस करत. मासा त्यांना चालत असे. मासेवालीची मुलगी चालत नसे.

"उद्या संध्याकाळी मीटिंग आहे," ते उठत म्हणाले. "बाहेरच्या मुलांना अभ्यासिका बंद, हा ठराव मी मांडतोय. आणि तोपर्यंत या मशीनला माझ्याशिवाय कोणी हात लावायचा नाही."

त्यांनी लॅपटॉप कपाटात ठेवला, किल्ली खिशात टाकली आणि गेले.

गिरिजा गेटवर आली. आईने तिचा चेहरा पाहिला आणि गिऱ्हाइकाचे बोंबील कागदात बांधता बांधता विचारलं, "काय झालं?"

गिरिजाने सांगितलं.

"मंग येऊ नको उद्यापासून. आपल्याला कोनाच्या दारात उभं राहायची गरज न्हाय."

"पन मी न्हाय बिघडवला तो."

"त्यांना सांगितलंस?"

"ते ऐकत न्हाय."

सुगंधाने पाटीतला एक पापलेट उचलला. "मी कधी गिऱ्हाइकाला सांगत बसते का, मासा ताजा हाय म्हनून? सगलेच सांगतात. मी कल्ला उघडून दाखवते. लाल हाय का न्हाय, तूच बघ." तिने पापलेट परत ठेवला. "सांगून ऐकत न्हाय, त्याला दाखवायचं."

दाखवायचं खरं. पण कल्ला कुठे आहे तेच माहीत नव्हतं.

३

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. गिरिजा सकाळीच आईबरोबर आली आणि पहिल्यांदा विकीला गाठलं. विकी हा नाचणेकरांचा पुतण्या. कॉलेजात नाव आहे, पण वस्ती जिन्यावर. जागृतीताईंना त्याचा संशय होता. त्याने लॅपटॉपवर गेम टाकले असणार आणि त्यात काहीतरी घाण आली असणार, असं त्यांचं म्हणणं.

"ए, सीआयडी आली बघ," फोनमधून मान वर न काढता विकी म्हणाला. "काय पाहिजे?"

"तू लॅपटॉपवर गेम खेळलास का?"

"त्या डब्यावर? अगं, माझा हा फोन त्याच्यापेक्षा फास्ट आहे. त्याच्यावर गेम टाकला तर त्याला हार्ट अटॅक येईल."

"म्हणजे टाकून बघितला होतास."

विकीने आता वर पाहिलं. "एकदा. दिवाळीच्या आधी. काकाला बोलू नको."

"मग तू त्याला शेवटचा चालू कधी बघितलास?"

"रविवारी. हॉलमध्ये ते आरोग्य शिबिर नव्हतं का? कंपनीचा माणूस आलेला, टायवाला. त्याने सोसायटीच्या ह्याच लॅपटॉपवर व्हिडिओ लावला. आजोबा लोक नाचतायत, आजी लोक डोंगर चढतायत. बराच वेळ चालला, मी बोर झालो."

"रविवारी चालला? नक्की?"

"मीच वायर जोडून दिली ना."

मुलांनो, गिरिजाचं काळीज इथे जोरात उडालं, आणि तुमचंही उडायला हवं. शनिवारी खारं पाणी गेलं आणि रविवारी लॅपटॉप आज्यांना डोंगर चढवत होता, असं कसं होईल? ती तशीच नाचणेकरांच्या दाराशी गेली आणि हे सांगितलं. त्यांनी दार अर्धंच उघडलं होतं.

"पाणी हळूहळू झिरपतं," ते म्हणाले आणि दार लावून घेतलं.

काही माणसांना पुरावा दिला तरी ती आपलं मत बदलत नाहीत, पुरावाच आपल्या मताला जोडून घेतात. हेही शिकून ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

राहिल्या हंसाबेन. भजनी मंडळ त्या चालवतात. टेबलावर समई लावतात, तेल सांडतं, अशी कमिटीची जुनी तक्रार होती. हंसाबेन पाय पसरून लिफ्टजवळच्या बाकावर बसल्या होत्या.

"मी? तेल?" त्या म्हणाल्या. "बेटा, लॅपटॉप तर कपाटात असते. किल्ली नाचणेकरभाईकडे. माझं तेल काय चालत चालत कपाटात जाणार?"

"रविवारच्या शिबिराला होता तुम्ही?"

"होती ना. फुकट चहा होता. तो टायवाला मला बोलला, बेन, हे कडं घाला, गुडघा बरा होईल. मी बोलली, भाई, गुडघा पायात आणि कडं हातात, त्यांची ओळख कशी होणार?" हंसाबेन स्वतःच हसल्या. "नाचणेकरभाईने लगेच घेतलं. बीपीसाठी. अंघोळीला पण काढत नाही, बोलतात. बाकी सोमवारी सकाळी त्यांनीच मशीन उघडलं आणि बोंब मारली, मेला मेला."

म्हणजे रविवारी संध्याकाळी जिवंत, सोमवारी सकाळी मेलेला. मधल्या वेळात तो कुलपात. आणि कुलपाजवळ कोणी गेलंच नव्हतं.

४

दुपारी जागृतीताईंनी नाचणेकरांना गळ घातली. "काका, ठरावाच्या आधी निदान दुकानात तरी दाखवू. नक्की काय गेलंय ते लिहून आणू."

"खुशाल आणा. म्हणजे पाण्याचंच लिहून येईल." त्यांनी लॅपटॉप दिला, पण पिशवीत घालून, वर गाठ मारून. वाटेत उघडायचा नाही अशी ताकीदही दिली.

स्टेशनजवळ जितेशचं दुरुस्तीचं दुकान आहे. त्याने वायर न जोडता, नुसत्या बॅटरीवर बटण दाबलं आणि लॅपटॉप सुरू झाला. पडदा उजळला, निळं आकाश आलं, कोपऱ्यात गिरिजाच्या प्रकल्पाची फाइलही दिसली. जितेशने मागचं आवरण काढून आत टॉर्च मारला.

"पानी-बिनी कुछ नहीं है. एकदम सूखा. क्या प्रॉब्लेम है?"

"वहाँ पे चालू नहीं होता," गिरिजा म्हणाली.

"वहाँ वोल्टेज का लफडा होगा."

"पर वहाँ भी वायर नहीं लगाया था."

जितेशने खांदे उडवले. चालू यंत्राशी त्याला देणंघेणं नव्हतं. त्याने आवरण परत बसवलं आणि पडद्याचं झाकण मिटलं. शेवटच्या बोटभर अंतरात झाकण आपोआप ओढल्यासारखं खाली बसलं, टक्. बटणाचा दिवा सावकाश मिचकायला लागला. लागला, विझला.

गिरिजा वाकून त्या दिव्याकडे बघत राहिली. हा मिचकणारा दिवा तिने काल पाहिला होता. पण काल झाकण उघडं होतं.

"जितेशभाई, झाकण बंद केला ते त्याला कसा समजतो? त्याला डोळे थोडीच आहेत."

"समझता है. कंपनीवालों ने बनाया है, उसमें क्या."

वाकल्यामुळे तिच्या केसांतली काळी पिन सैल झाली होती. ती लॅपटॉपवर पडली, घसरली, आणि झाकणाच्या काठाला लटकून राहिली. खाली पडलीच नाही. गिरिजाने ती ओढून काढली. सोडली. पिन परत काठाला जाऊन चिकटली.

"चला गं, उशीर होतोय," जागृतीताई म्हणाल्या.

सोसायटीत परतल्यावर नाचणेकरांनी पिशवी ओढूनच घेतली. "चालू झाला? दुकानात? बघू तर." ते खुर्चीत बसले, वायर न जोडताच डावा पंजा पट्टीवर ठेवला, उजव्या बोटाने बटण दाबलं.

दिवा लागला. पडदा उजळला आणि काळा झाला.

"घ्या," नाचणेकर म्हणाले. त्यांचा चेहरा इतका समाधानी होता, की लॅपटॉप चालला असता तर त्यांना दुःखच झालं असतं.

५

संध्याकाळ होत आली. नाचणेकरांनी नोटीस स्वतःच्या हाताने लिहून काढली होती. 'बाहेरील मुलांस अभ्यासिकेत प्रवेश नाही.' ठराव अजून मांडला नव्हता, मंजूर तर नव्हताच. पण कमिटी आपल्याला नाही म्हणणार नाही, याची त्यांना खात्री होती. खरं म्हणजे कमिटीतल्या कोणाला भांडायचा उत्साह उरला नव्हता. यालाच ते एकमत म्हणत.

बोर्डाजवळ उभं राहून त्यांनी टाचण्यांची डबी उघडली. एका हातात कागद, दुसऱ्यात डबी. डावं मनगट डबीवरून गेलं आणि चारपाच टाचण्या उडून त्यांच्या मनगटाला लोंबकळायला लागल्या. मनगटात काळ्या मण्यांचं कडं होतं.

"पॉवर बघा याची," ते जवळच्या माणसाला कौतुकाने म्हणाले. "रक्त असंच खेचून घेतं, म्हणून बीपी ताब्यात. पुढच्या रविवारी तो माणूस परत येतोय, सगळ्या सभासदांसाठी सांगून ठेवलीत मी."

गिरिजा जिन्याच्या पायरीवर बसून हे बघत होती. ती इतकी सावकाश उभी राहिली, की शेजारी बसलेला विकी म्हणाला, "काय झालं? भूत दिसलं?"

"नाही," गिरिजा म्हणाली. "कल्ला दिसला."

मुलांनो, इथे थोडं थांबा. गिरिजाने जे पाहिलं ते सगळं तुम्हीही पाहिलंय. उघडा असून मिचकणारा दिवा, काठाला लटकणारी केसांची पिन, दुकानात चालणारं आणि इथे न चालणारं यंत्र. सोमवारपासून या खोलीत ते सुरू करायचा मान कोणी एकट्याने घेतला, तेही तुम्हाला माहीत आहे. घाई करू नका. उत्तर सापडलं की पुढे वाचा. नाही सापडलं तरी लाज नको. अख्ख्या कमिटीला सापडलं नव्हतं.

६

मीटिंगला एसी लागला. नाचणेकरांनी ठराव वाचायला घेतला तेव्हा जागृतीताई उठल्या.

"जिच्यावर आरोप आहे तिला बोलू द्या."

"इथे कोर्ट नाही."

"मग आरोप कशाला करता?" त्या तशाच उभ्या राहिल्या.

"बोलू दे की," हंसाबेन मागून म्हणाल्या. "पार्किंगवर दोन तास ऐकतो आपण."

गिरिजा पुढे आली. तिचा आवाज सरळ होता.

"तो मेलेला नाहीये. झोपलाय. झाकण मिटलं की त्याचा दिवा असाच मिचकतो. त्याला वाटतंय, आपलं झाकण कोणीतरी मिटलंय."

"उघडं झाकण समोर दिसतंय," नाचणेकर म्हणाले.

"आपल्याला दिसतंय. त्याला दिसत नाही. झाकणाच्या काठाला चुंबक आहे, माझी पिन चिकटली त्याला. झाकण खाली आलं की ते चुंबक या पट्टीजवळ येतं, त्यावरून त्याला कळत असणार. म्हणजे दुसरं कुठलं चुंबक पट्टीवर ठेवलं, तरी तो झोपणार. दुकानात तसं चुंबक नव्हतं. इथे आहे."

"कुठे आहे?"

गिरिजा बोट दाखवणार होती. पण तिने तसं केलं नाही. "काका, लॅपटॉप तुम्हीच सुरू करा. फक्त डावा हात खिशात ठेवा."

"मी काय सर्कशीत आलोय?"

"एक हात खिशात घालायला काय जातं?" विकी म्हणाला. त्याला फार दिवसांनी फोनपेक्षा चांगलं काही बघायला मिळत होतं.

सगळे बघत होते. नाचणेकरांनी डावा हात खिशात घातला, तोही जणू खिसाच अपमान करतोय अशा चेहऱ्याने. बटण दाबलं. दिवा लागला. पडदा उजळला आणि उजळलेलाच राहिला. निळं आकाश आलं.

"योगायोग," नाचणेकर म्हणाले.

"मग आता हात ठेवा."

त्यांनी ठेवला. आकाश गेलं. दिवा मिचकायला लागला.

"काढा."

त्यांनी हात उचलला. गिरिजाने एक बटण दाबलं, आकाश परत आलं. मग कोणाला राहवेना. मागचे लोक पुढे आले आणि म्हणाले, साहेब, परत ठेवा, परत काढा. नाचणेकरांनी दोनदा ठेवला, दोनदा काढला, आणि मग आपण काय करतोय हे लक्षात येऊन हात पाठीमागे नेला.

"हे बीपीचं आहे," ते म्हणाले. "डॉक्टरी वस्तू आहे."

"नाचणेकरभाई," हंसाबेन म्हणाल्या, "बीपी तर आत्ता वाढलेलं दिसते."

हसू खोलीभर पसरलं. सोमवारपासून लॅपटॉपला दर वेळी स्वतःच्या हाताने झोपवणारा माणूस खुनी शोधत सोसायटीभर फिरला होता. सापडली कोण, तर गेटवरच्या बाईची मुलगी. असा खुनी शोधायला अक्कल लागत नाही. फक्त वरून खाली बघावं लागतं.

नाचणेकरांनी माफी मागितली नाही. अशी माणसं मागत नाहीत, वाट बघू नका. ते एवढंच म्हणाले, "मला तोच संशय होता. खात्री करत होतो." मग ठरावाचा कागद चार घड्या करून खिशात घातला आणि बाहेर जाऊन बोर्डावरची नोटीस काढली. येताना त्यांच्या मनगटाला दोन टाचण्या लटकत होत्या. कोणी सांगितलं नाही.

"बसू दे तिला," ते कोणाकडेही न बघता म्हणाले. "अभ्यासाला बसत असेल तर बसू दे."

जागृतीताईंनी खुर्ची मागे ओढली. "ये गिरिजा. प्रकल्प पुरा कर तुझा."

गिरिजा खुर्चीत बसली नाही. ती दारातून बाहेर पडली, पायऱ्या उतरली आणि गेटवर गेली. इतकी वर्षं सुगंधा गेटच्या बाहेर बसत आली होती. आत यायला तिला कोणी मनाई केली नव्हती आणि या म्हणूनही सांगितलं नव्हतं.

"चल," गिरिजा म्हणाली.

"कुठं? पाटी हाय इथं."

"पाटी घेऊन चल."

सुगंधा पाटी काखोटीला मारून आली. पदराला पुसलेले तिचे हात अजून ओलसर होते. खोलीत एसीच्या गारव्यात कोलंबीचा वास भरला. नाचणेकरांचा हात रुमालाकडे गेला.

"हे आत कशाला आणलंत?"

"तुमच्यासाठीच ठेवलीय, साहेब," सुगंधा म्हणाली. "सकाळी सांगून गेलेलात न्हाय का, अर्धा किलो काढून ठेव म्हनून?"

नाचणेकरांनी रुमाल खिशातच राहू दिला. गिरिजाने आईच्या हातातली पाटी घेऊन टेबलाशेजारी जमिनीवर ठेवली. लॅपटॉप बंद केला. आईचे दोन्ही खांदे धरून तिला सेक्रेटरीच्या खुर्चीत बसवलं, तिचं बोट हातात धरून बटणाशी नेलं आणि म्हणाली, "दाब."